बेचाळीस टोप्या

कुठल्याही खोलीत शिरले की घंटीकाका आधी छत बघायचे, मग दार आणि सगळ्यात शेवटी माणसं. सिनेमाला गेले तर कडेची खुर्ची मागायचे आणि बसण्याआधी बाहेरच्या दारापर्यंतच्या रांगा मोजायचे. बायको म्हणायची, "अहो, सिनेमा पुढे आहे, मागे नाही." परक्या घरी चहा आला की कप उचलण्याआधी पंख्याकडे बोट दाखवून विचारायचे, "हा असाच जोरात असतो का?" लॉजमध्ये उतरले तर पाठ टेकण्याआधी डोळे मिटून, भिंत चाचपत, दारापासून जिन्यापर्यंत एक फेरी मारून यायचे. बघणारे हसायचे. काका गंभीरपणे सांगायचे, "अकरा पावलं." आणि शर्टाच्या खिशात कायम एक नारिंगी प्लॅस्टिकची टोपी असायची. वाटीएवढी. पैसे काढताना ती हमखास खाली पडायची.

ते इमारतींमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवायचे. तीस वर्षं हेच काम. पोरंसोरं म्हणून त्यांना घंटीकाका म्हणत आणि पुढे बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणू लागली.

त्या टोपीचं असं होतं. छताला धूर ओळखणारा डिटेक्टर बसवतात, तो नवा असताना त्यावर टोपी असते. बांधकामाची धूळ, रंगाचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून. काम संपलं की टोपी काढायची. काढली नाही, तर डिटेक्टर छतावर असून नसल्यासारखा. काकांचा नियम साधा होता. छतावर जितके डिटेक्टर, तितक्या टोप्या पिशवीत. पिशवी आपल्या हातात. मोजणी जुळल्याशिवाय कागदावर सही नाही.

"लोक एकमेकांना टोप्या घालतात," सोबतचा वायरमन म्हणायचा, "आमचं हे म्हातारं काढत फिरतं."

सही झाली की काका मालकाला समोर बसवून या यंत्राला काय जमत नाही ते सांगायचे. मालक कंटाळायचे. काका थांबायचे नाहीत. हे यंत्र आग विझवत नाही, साहेब. फक्त ओरडतं. बंद दाराआडचा धूर त्याला कळत नाही. छताच्या अगदी कोपऱ्यात लावलं तर धूर तिथवर जातच नाही. पंख्याच्या झोतात लावलं तर धूर उडून जातो. जिथं वाफ असते तिथं धुराचा डिटेक्टर लावायचा नाही, उष्णतेचा लावायचा. नाहीतर तो रोज खोटं ओरडेल आणि खोटं ओरडणाऱ्याचं तोंड लोक बंद करतात. मग खरं सांगायची वेळ येते तेव्हा तो मुका असतो.

शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. "आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी हे सगळं शून्य आहे."

हे वाक्य कुठून आलं ते घरातल्यांना ठाऊक होतं. अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, सव्वीस वर्षं कापड गिरणीत मागाच्या खात्यात उभी राहिली. धाकट्याचं वायरमनचं शिक्षण त्या मागांवर झालं. धाकटा शिकला आणि त्या खडखडाटात अक्काचे कान गेले. लग्न राहून गेलं. कुणी त्याबद्दल हळहळलं तर अक्का म्हणायची, "बरंच झालं. नवऱ्याचं ऐकावं लागलं नाही."

गुडघे थकल्यावर ती स्वतःच्या हट्टाने वृद्धांच्या निवासात राहायला गेली. तीन मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर खिडकीची खोली. शेजारी कपड्यांची खोली, तिथं दिवसभर चादरींना इस्त्री चाले. तिथली यंत्रणा काकांनीच बसवली होती. बेचाळीस डिटेक्टर. कपड्यांच्या खोलीत त्यांनी उष्णतेचा लिहून दिला होता. संस्थेने स्वस्तातला धुराचा आणून लावला. काकांनी कागदावर लेखी हरकत घेतली. कागद फाइलीत गेला.

मग इमारतीला रंग द्यायचं ठरलं. व्यवस्थापक, तिशीतला गोडबोल्या माणूस, काकांना म्हणाला, "काका, त्या टोप्या द्या ना आठ दिवस. पेंटर चढवेल, तोच काढेल. तुम्ही कशाला दोनदा चढताय या वयात?"

तीस वर्षांत काकांनी पिशवी कुणाला दिली नव्हती. त्या दिवशी दिली. याच माणसाने अक्काला खिडकीची खोली मिळवून दिली होती. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. बेचाळीस मोजून दिल्या आणि म्हणाले, "काढल्या की फोन करा. मी मोजून घेतो."

फोन आला नाही. काकांनीच दोनदा केला. पेंटर अजून जायचाय, असं उत्तर मिळालं. पाचव्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, ते मोजपट्टी घेऊन निघाले. घरी टेबलावर ते अक्कासाठी एक दिवा जोडत होते. यंत्रणा वाजली की तो लखलखणार आणि उशीखालची चकती थरथरणार. कान नसले तरी माणूस उठलं पाहिजे. त्यासाठी तिच्या पलंगाजवळच्या भिंतीचं माप हवं होतं.

"माप घ्यायला दिवस घालवाल," बायको म्हणाली.

"अक्काकडे जेवेन."

"तिथं जेवण बाराला होतं. आता दोन वाजलेत. ती झोपली असेल."

"मग बसेन उशाशी. तिला काय, माझ्या बडबडीने जाग येत नाही."

निवासाच्या दारात रंगाचा वास नव्हता. पेंटर केव्हाच गेला होता. काका वर गेले नाहीत. आधी कचेरीत शिरले. पिशवी कपाटाच्या डोक्यावर पडली होती. त्यांनी ती टेबलावर रिकामी केली आणि मोजली. अठ्ठावीस.

"चौदा कुठे आहेत?"

"वर आहेत, काका. तिसऱ्या मजल्यावर." व्यवस्थापक हसला. "तिथं इस्त्रीच्या वाफेने दिवसातून चारदा बोंब व्हायची. म्हातारी माणसं घाबरतात. आम्हीच म्हटलं, राहू देत."

"एका खोलीच्या वाफेसाठी सगळा मजला?"

"अहो, यंत्रणा चालू आहे की. हे बघा." त्याने भिंतीवरच्या पॅनेलकडे बोट केलं. हिरवा दिवा जळत होता. "हिरवा आहे ना? मग?"

"त्याला टोपी दिसत नाही!" काकांचा आवाज चढला. "तार जोडलेली आहे एवढंच त्याला कळतं. तुम्ही माणसाचे डोळे बांधलेत आणि नाडी तपासून म्हणताय, सगळं ठीक आहे!"

"आवाज खाली करा, काका. लोक झोपलेत."

"उठवायचंच आहे त्यांना! एक डिटेक्टर बदलायचा होता. दहा मिनिटांचं काम. मी लिहून दिलं होतं."

"ते वरिष्ठांकडे आहे."

"वरिष्ठ तिसऱ्या मजल्यावर झोपतात का?"

असं ते भांडत राहिले. बरोबर होते, म्हणून भांडत राहिले. नऊ-दहा मिनिटं गेली असतील. मग काका बोलता बोलता थांबले आणि त्यांनी मान वर केली. जिन्यातून जळक्या कापडाचा वास येत होता.

ते बाहेर धावले. जिन्याखालच्या लाल पेटीची काच त्यांनी कोपराने फोडली. घंटा वाजली. सगळ्या इमारतीत, कानठळ्या बसतील अशी. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची माणसं चपला शोधत बाहेर पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी खोकत उतरल्या. तिसरी आली नाही.

धुरात वर जायचं नाही, हे काकांनी हजारोंना शिकवलं होतं. ते दोनदा गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणापलीकडे त्यांना जाता आलं नाही. अक्काला अग्निशमनच्या जवानांनी खाली आणलं. कपड्यांच्या खोलीत चालू राहिलेली इस्त्री चादरींच्या गठ्ठ्यावर होती. छतावर चौदा नारिंगी टोप्या होत्या. काही वितळून डिटेक्टरला चिकटल्या होत्या.

इस्पितळात अक्का दोन दिवस बोलत होती. थोडं थोडं, ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला करून. कानातलं यंत्र खोलीतच राहिलं होतं, म्हणून काका कागदावर लिहायचे. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "धाकट्या, घंटा वाजली होती ना रे?"

काका पेन शोधू लागले.

"निवासातला तो साहेब येऊन नर्सला सांगत होता. हातवाऱ्यांवरून कळलं मला. घंटा वाजली, पण आजींना ऐकू आली नाही." ती दमली. मग म्हणाली, "या कानांपायी तुला किती त्रास."

काकांनी कागद गुडघ्यावर घेतला. लिहिलं, वाजली नाही. वेळेवर वाजली नाही. कुणालाच ऐकू आली नसती.

तिने ते दोनदा वाचलं. "म्हणजे माझ्या कानांचा दोष नाही?"

काकांनी 'कुणालाच' या शब्दाखाली रेघ ओढली. मग आणखी एक ओढली. कागद फाटला.

तिसऱ्या दिवशी अक्का गेली.

चौकशीच्या खोलीत पंखा होता, पाण्याचा जग होता आणि टंकलेला अहवाल आधीच तयार होता. अधिकारी वाचत होता. घंटा दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी वाजली. मयत महिलेस श्रवणदोष असल्याने तिला सूचना समजली नाही.

"ते वाक्य काढा," काका म्हणाले.

"घंटा वाजली हे खरं ना?"

"मी वाजवली. तळमजल्यावरून. वर धूर भरल्यावर."

"त्याला पुरावा?"

"पॅनेलच्या पोटात आठवण असते, साहेब. उघडा आणि वाचा. दोन एक्केचाळीसला पहिली नोंद तळमजल्याच्या काचेची आहे. त्याआधी तिसऱ्या मजल्याची एकही नाही. शेजारची खोली पेटली होती आणि चौदा डिटेक्टरांपैकी एकालाही वास लागला नाही. कान तिचे गेले होते. त्यांच्या नाकाला काय झालं होतं?"

व्यवस्थापक म्हणाला, "टोप्या यांनीच दिल्या होत्या."

आदल्या रात्री वायरमनने काकांना बजावलं होतं. पिशवीचं बोलू नका. त्यांना सिद्ध करू दे. काकांनी खिशातून चार पानांचा जबाब काढून टेबलावर ठेवला. पहिलंच वाक्य होतं, टोप्या मी दिल्या, पिशवी हातची सोडली, ही माझी चूक आहे. दुसरं वाक्य होतं, आता पुढचं वाचा.

अधिकाऱ्याने पॅनेल उघडवलं. नोंद निघाली. श्रवणदोषाचं वाक्य अहवालातून गेलं. त्या जागी दोन ठपके आले. पहिला यंत्रणा बसवणाऱ्या तंत्रज्ञावर. त्याचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द. दुसरा निवासाच्या प्रशासनावर. त्यांना समज.

समज! शाळेत गृहपाठ न आणणाऱ्या पोराला देतात ती. व्यवस्थापकाची बदली संस्थेच्या दुसऱ्या निवासात झाली. ते याहून मोठं आहे, चार मजल्यांचं. वरिष्ठांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. जुन्या इमारतीचा तिसरा मजला महिन्याभरात पुन्हा रंगवला आणि खिडकीच्या खोलीत दुसरं कुणी राहायला आलं. कपड्यांच्या खोलीत अजूनही धुराचाच डिटेक्टर आहे. वायरमन बघून आला.

"हिरवा जळतोय," त्याने सांगितलं.

"टोप्या?"

"खालून मोजल्या. एकही नाही."

"आज नाही," काका म्हणाले. "पिशवी कुणाकडे आहे?"

ते वायरमनला ठाऊक नव्हतं.

काका आता फारसे बाहेर पडत नाहीत. छताकडे मात्र अजून बघतात. बाकी घर होतं तसं आहे. फक्त जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कुणी वापरत नाही. तिथं तो दिवा आहे. बायको त्याच्या भोवतीची धूळ पुसते, त्याला हात लावत नाही. एक तार जोडलेली आहे. दुसरी टोकाशी सोललेली, तांबं काळं पडत चाललेलं, स्क्रू शेजारीच. बाजूला कागदाची चिठ्ठी, काकांच्या अक्षरात. अक्का, पलंगाची उजवी बाजू, जमिनीपासून उंची. पुढे जागा सोडली आहे. आकडा लिहायचा राहिला.