तक्त्यासमोर बापलेक

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम त्याने फार हुशारीने निवडलं होतं. तक्त्यावरची अक्षरं गिऱ्हाइकाने वाचायची, आपण नुसत्या काचा बदलायच्या. तोतऱ्या माणसाला याहून सुखाची नोकरी कुठली! आपण अडखळलो की समोरचा हसणार आणि उठून जाणार, ही त्याची पक्की समजूत. ती खरी की खोटी हे बघायला मात्र पठ्ठ्याने कधी तोंड उघडलं नव्हतं.

सगळ्यात वैरी शब्द 'नको'. 'न' ओठांशी आला की घशाला टाळं. 'राहू दे' म्हणावं, तर 'र' त्याचा सख्खा भाऊ. म्हणून घरात तीन फालतू छत्र्या होत्या, अंगात कपडेवाल्याने गळ्यात मारलेला जांभळा शर्ट होता आणि इमारतीच्या पाण्याच्या टाकीची देखरेखही त्याच्याकडेच होती. माणूस फार भला, असं लोक म्हणत. भला कसला डोंबलाचा!

एक दिवस बायको लेकीला घेऊन दुकानात आली. "वर्गात फळ्यावरचं वाचतच नाही म्हणे. बाईंनी डोळे तपासायला सांगितलंय."

लेकीने वरची मोठाली अक्षरं गाळली आणि तळाची बारीक घडाघडा वाचली. त्याने काच बदलली, तरी तेच. गाळायची ती फक्त क आणि म, आणि तिथे आलं की खोकायची. तो खोकला त्याने ओळखला. आयुष्यभर तो स्वतः तसाच खोकत आला होता.

इतकी वर्षं लपवलं, आणि पोरीने नेमकं ते लपवणंच उचललं. चष्मा देऊन प्रकरण मिटवता आलं असतं. शिवाय बाकावर गिऱ्हाइकं बसली होती.

तो तक्त्यापाशी गेला. "क... क... क-क..." गाडी रुतली ती रुतलीच. कोणी उठलं नाही. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "होऊ द्या सावकाश. मला तर तक्ताच दिसत नाहीये."

जन्मभर घाबरलो ते या प्रेक्षकांना! त्याला हसू फुटलं, आणि हसताहसता 'क' सुटला. 'म'ला तो पुन्हा अडकला, पण सोडून पळाला नाही.

लेक बघत राहिली. मग तिने पहिली ओळ धरली. ती अडली तेव्हा अक्षर पुरवायला त्याची जीभ वळवळली, ती त्याने दाताखाली धरली. तिने अडखळत सगळा तक्ता वाचला.

"मग, चष्मा करायचा का?" बायकोने विचारलं.

मान हलवून भागलं असतं. "न... न-न... नको," तो म्हणाला.

लेक त्याच्या शर्टाकडे बघून हसली. 'दुकानदार' म्हणून तिला सहज सटकता आलं असतं.

"बाबा, आता त्या क... क-क-कपडेवाल्यालापण सांग."