कूलरच्या स्टँडवरची मशीन

"हलून राह्यलं, बाई."

कोणाच्याही घरी गेले की आमचे हे शेजारी आधी टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात दाबायचे आणि एवढंच बोलायचे. रामराम, कसे आहात, हे सगळं नंतर. मग खिशातून बसचं तिकीट काढून घडी घालायची, पायाखाली सरकवायची, पुन्हा दाबून पाहायचं. एका लग्नात तर ताट वाढलेलं असताना ते टेबलाखाली शिरलेले मी पाहिलेत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. असलाच तर त्याला जुन्या टेबलाशी बसवू नका, चहा गार होतो.

ऊर्जानगरला आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिकवायची, ते वीज केंद्रात टर्बाइनवर. मशीन थरथरते का, हे पाहण्यात जन्म गेला. निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी हौसेनं लाकूड कातायची छोटी लेथ मशीन आणली. लाटणी, भोवरे, काय काय निघायचं तिच्यातून. भुसा मात्र माझ्या तुळशीवर. मला धुळीचं वावडं, आणि त्यांच्या बायकोला माझ्याहून जास्त. "ते घरात आणलं तर मी माहेरी जाईन," असं ही पन्नाशी उलटलेली बाई खुशाल बजावायची.

म्हणून मशीन फिरती करायचं ठरलं. जिकडे सावली तिकडे मशीन. घरात कूलरचा चाकं असलेला लोखंडी स्टँड थंडीत रिकामाच असायचा. त्यावर त्यांनी मुलीच्या जुन्या कॉम्प्युटर टेबलाची फळी कसली, खाली स्वयंपाकघरातली प्लास्टिकची रॅक बांधली आणि तिच्यात पटाश्या ठेवल्या. मशीन सुरू केली, तर सगळा संसार अंगणभर नाचत सुटला. टर्बाइनवाल्याला हे कसं खपावं? त्यांनी स्टँडच्या तळाला वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या जड विटा रचल्या. थरथर थांबली. चाकंही थांबली.

"बाई, जरा हात लावा न."

रविवारी वह्या तपासायच्या सोडून मी तो रथ ढकलायची. "भाऊ, याला फिरती म्हणतात का?"

"फिरते न. दोघं लागतात फक्त."

होळी पेटली की मात्र भांडण पेटायचं. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बायको कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहायची. "माझा स्टँड द्या." मग मशीन उतरायची, कूलर चढायचा आणि दसऱ्यापर्यंत भाऊंचा चेहरा उतरलेला.

त्यांची एकुलती मुलगी नागपूरला दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात पाळणा नव्हता. एका दिवाळीत तिला तिसरा महिना लागल्याचं कळलं. बायकोनं तेव्हाच बजावून ठेवलं, लेकरू हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही घरात आणायचं नाही, पाळणा तर नाहीच. आपल्याकडे पाळतातच हे. दुसऱ्याच रविवारी भाऊ म्हणाले, मशीन तुमच्या बाजूला ढकलू. मशीन भिंतीआड गेल्यावर त्यांनी सागवानाचे दांडे काढले.

"आणू नये म्हणतात, बाई. बनवू नये असं कुठी आहे?"

माणूस इतका खूश होता. हातभर लांबीचा एकेक दांडा, आणि प्रत्येकावर त्याच लाकडातून कातून सुटी केलेली एक कडी. हलवला की टकटक वाजायचा. बाळाला आवाज पाहिजे म्हणे. ब्रह्मपुरीला निवृत्तीनंतरचं घर बांधणं चालू होतं, त्यामुळे बायकोनं विचारलं तर उत्तर तयार होतं, "ब्रह्मपुरीच्या घराच्या गच्चीचा कठडा करून राह्यलो." होळी झाली. तिनं स्टँड मागितला. त्यांनी आठ दिवस मागून घेतले. कधी नव्हे ते तिनं दिले, उकाड्यात निजली बिचारी.

त्या आठ दिवसांतच नागपूरहून फोन आला. सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं.

भाऊ माझ्या दारात आले. टेबल समोर होतं, त्याला हात लावला नाही.

"बाई, माह्या हातानं झालं का?"

मी शिकलेली बाई. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, असं काही नसतं म्हणून सांगितलं, तेच तेच सांगितलं. ते मान हलवत राहिले. माझं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

मुलगी उन्हाळ्यात माहेरी आली. स्टँडवर कूलर चढला, तिची खाट त्यासमोर. एका दुपारी मी भेटायला गेले, तर तिच्या हातात एक दांडा. पलंगाखालच्या पोत्यात सापडला होता.

"बाबा, हे काय आहे?"

"कठडा. गच्चीचा."

तिनं तो हलवला. टकटक. "मग कड्या काऊन?"

"शोभेले," भाऊ म्हणाले. मुलीनं आईकडे पाहिलं. आई बादली उचलून कूलरमध्ये पाणी टाकायला गेली.

निवृत्तीनंतर ते ब्रह्मपुरीला गेले. मशीन कुणाला तरी देऊन टाकली असं कानावर आलं. या हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं आणि मी तेरवीला गेले. जेवणं झाल्यावर त्यांची बायको मला गच्चीवर घेऊन गेली. चारी बाजूंना तो कठडा होता. माझ्या गुडघ्याएवढा. दांडे पुरले नाहीत तिथे त्यांनी बांबू लावले होते.

"मिस्त्री हसला," ती म्हणाली. "म्हणे, यानं मांजर अडत नाई. पण ऐकते कोण? स्वतः बसवला."

मी मान हलवली. आता हिला सांगावं का नाही, ते ठरत नव्हतं. तीच खाली बसून पदरानं एक दांडा पुसत बोलली.

"मले माहीत होतं, बाई. पाळणाच होता. भिंतीपलीकडून आवाज काय येत नाई?"

"मग त्यांना अडवलं का नाही?"

"मले बी पाह्यजे होता न."

खालून कोणीतरी तिला हाक मारली, पाहुणे निघाले होते. ती उठली नाही.

"हे भाऊंना कधी बोललात?"

"नाई," ती म्हणाली. "आज बोलू, उद्या बोलू, करता करता राहूनच गेलं. त्यायले वाटे, ते एकट्यानंच केलं."