हरिशंकरपुरमची ग्राफिक्स कमिटी

जुन्या चार्जरच्या वायरी आणि मित्रांचे किस्से, दोन्ही मुद्दाम कोणी जमवत नाही. पण एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात! आमच्या किश्शांचा खण म्हणजे हरिशंकरपुरम कॉलनीतलं शिरीषचं घर. शिरीष आणि नंदू माझे शाळेपासूनचे मित्र, आता चाळिशीकडे झुकलेले. दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे गेमिंग कन्सोल. रविवारी दुपारी नंदू आपला कन्सोल घेऊन स्कूटीवर निघतो, मागे मी त्याचा टीव्ही कवटाळून बसतो. मग एकच गेम दोन टीव्हींवर शेजारी शेजारी लागतो. खेळत कोणीच नाही. नुसती तुलना!

*

एकदा शिरीषचा हिरो भर पावसात डबक्यात उभा होता. शेजारच्या टीव्हीवर नंदूचा हिरोही तसाच.

"माझ्या पाण्यात दुकानाची पाटी वाचता येते, भाई!"

"पण माझ्या पाण्याला लाटा बघ ना यार!"

शिरीषची आई पोहे घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली.

"काय रे, या दोघांना कुठे जायचंय की नाही?"

"नाही काकू," नंदू म्हणाला, "आम्ही पाण्याची क्वालिटी बघतोय."

"मग आधी नळाची बघा. सकाळपासून पिवळं येऊन राहिलंय!"

*

नंदूची बायको रश्मी या भांडणाला पार कंटाळली होती. एका रविवारी तीही आली आणि दोघं आत चहा घ्यायला गेले, तेव्हा तिने मागच्या वायरी बदलल्या. मतलब, शिरीषचा कन्सोल नंदूच्या टीव्हीला आणि नंदूचा शिरीषच्या.

दोघं परत आले. शिरीषने आपल्या टीव्हीसमोर मांडी घातली आणि सुरू झाला. "पान न् पान वेगळं दिसतंय! नंदूच्या कन्सोलला हे सात जन्मांत जमणार नाही."

"भाऊजी," रश्मी म्हणाली, "तुम्ही तारीफ करताय तो यांचाच कन्सोल आहे. वायरी मी बदलल्या."

नंदू विजयी चेहऱ्याने उठणार, एवढ्यात शिरीष म्हणाला, "हेच मी केव्हापासून सांगतोय! वायर बदलली की फरक पडतोच!"

*

आता गेममध्ये फोटो काढायची सोय असते. खेळ थांबवायचा, कॅमेरा फिरवायचा, सूर्यास्त पकडायचा. नंदूने तलवार कमी चालवली, फोटो जास्त काढले. रश्मी एक दिवस म्हणाली, "त्या गेममधल्या घोड्याचा अल्बम झाला. माझा एक तरी धड फोटो आहे का?"

बिचारा लगेच तिला घेऊन किल्ल्यावर गेला. "डावीकडे सरक. अजून. आता थोडी खाली वाक." रश्मी वाकून वाकून थकली. शेवटी नंदू मोबाइलमध्ये बघून ओरडलाच, "वा! मागचे दगड काय रियल वाटून राहिलेत!"

रश्मी फोटो काढून न घेताच खाली उतरली.

*

शिरीषचे वडील अप्पा. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दरबारात कारकुनी करत, आणि दरबार गेला तरी अप्पांचा रुबाब गेला नाही. एकदा ते येऊन सोफ्यावर बसले. पडद्यावर हिरो चालत होता, कॅमेरा त्याच्या मागे.

"हा मघापासून आपल्याकडे पाठ करून का चालतोय?"

"अप्पा, कॅमेराच मागे असतो."

"आपल्या घराण्यात थोरांना पाठ दाखवायची रीत नाही. वळव त्याला!"

शिरीषने सेटिंग बदललं. आता कॅमेरा हिरोच्या डोळ्यांत. पडद्यावर नुसते दोन हात आणि तलवार.

"आता कुठे गेला?"

"अप्पा, आता तुम्हीच तो!"

अप्पा सावरून बसले. तेवढ्यात समोरून एक दाढीवाला धावत आला आणि शिरीषने त्याला आडवा केला.

अप्पा ताडकन उठले. "मला न विचारता मारलास?"

*

मागच्या हिवाळ्यात अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा बरा झाल्यावर शिरीषने खास बेत केला. सगळ्यात देखणा गेम लावला, ग्राफिक्स एकदम वरच्या सेटिंगवर. बर्फाचे डोंगर, पुढे घोडा. अप्पांना अगदी समोर खुर्ची दिली.

"बघा अप्पा, घोड्याचा केस न् केस दिसतोय!"

"हं," अप्पा म्हणाले आणि मान वळवली. बाजूला काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"अप्पा, टीव्ही इकडे आहे."

"माहीत आहे मला."

ते काकूंकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हनुवटीवरचा हा तीळ कधी आला?"

काकूंचा हात हनुवटीवर गेला. "अहो, लग्नातही होता की!"

"मुंडावळ्यांमुळे दिसला नसेल."

"आणि त्यानंतर?"

अप्पा जरा पुढे वाकून बघू लागले. काकू लाल झाल्या. मेथीची जुडी पुढे ओढत म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा जरा तिकडे वळवा बघू. पोरं बसलीयत!"

पडद्यावर घोडा बर्फात उभा होता. अप्पांनी काही कॅमेरा वळवला नाही.