गधडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या पोरावर माझा विश्वास उरला नव्हता.

पोरगा स्पेनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी आहे. बायको तिथलीच केली. नात सहा वर्षांची, तिला मराठीचं अक्षर येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी मराठीत बोलायचं आणि पोरानं ते तिला तिच्या भाषेत सांगायचं, अशी रीत. एका रविवारी मी आमची गाय कशी व्याली ते चांगली दहा मिनिटं रंगवून सांगितलं. पोरगा तिच्याकडे वळून चार शब्द बोलला आणि गप्प.

"एवढंच?"

"महत्त्वाचं तेवढं सांगितलं, आप्पा."

महत्त्वाचं काय ते हा ठरवणार! घोडेगावच्या बाजारात मी चाळीस वर्षं जनावरांचे सौदे जुळवले, इकडचं बोलणं तिकडे नेलं. मधल्या माणसानं शब्द गाळला की काय होतं, ते मला विचारा. ठरवलं, हा मधला दलालच काढून टाकायचा.

नगरला सावेडीत स्पॅनिशचा क्लास आहे असं कळलं. एसटीनं तारकपूरला उतरलो, तिथून रिक्षा केली. फॉर्मवर शिक्षण विचारलं होतं. 'चौथी' लिहिलं, ठळक. शिकवणारी बाई पंचविशीतली. फॉर्म बघून म्हणाली, "आजोबा, इथे सगळं इंग्रजीतून शिकवतात."

"का? स्पेनवाले इंग्रजी बोलत्यात?"

"नाही, पण पुस्तकं सगळी..."

"मला स्पेनला जायचंय बाई, लंडनवरनं कशाला नेता?"

मागची पोरं खिदळली. तो राग आजही उतरलेला नाही. मराठी माणसाला कुठल्याही भाषेत शिरायचं तर आधी इंग्रजीच्या दारात चपला काढायच्या, हा नियम कुणी केला? मी उठलो नाही. मागच्या बाकावर बसून राहिलो. शेवटी बाईंनीच फॉर्मवर सही केली.

चौथ्या दिवशी बाईंनी सांगितलं, त्या भाषेत निर्जीव वस्तूसुद्धा बाई नाहीतर पुरुष असतात. टेबलाला मेसा म्हणतात आणि ती बाई. पोरांनी कपाळाला हात लावला. मी ओरडलोच, "आरं, तुमच्या घरात खुर्ची 'ती' आन् पलंग 'तो' न्हाई व्हय? इंग्रजी शिकून सोताचं घर इसरले!" बाई हसल्या. त्या दिवसापासून त्या मला दोन वाक्यं मराठीत सांगू लागल्या. 'आहे'ला त्यांच्यात दोन शब्द आहेत, एक कायमच्या 'आहे'ला आणि एक आजच्यापुरत्या 'आहे'ला. क्रियापदाचं शेपूट माणूस बदलला की बदलतं. ती शेपटं मी धार काढताना घोकली. आब्लो, आब्लास, आब्ला. बोलतो, बोलतोस, बोलतो. गाय कान टवकारायची.

अडीच महिन्यांनी मी बाईंना विचारलं, "गाढविणीला काय म्हनत्यात?"

"बुर्रा."

कशाला हवंय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्यात लेकराला लाडानं दुसरं काय म्हणतात? गधडे, जेवलीस का? माझा बाप मला तशीच हाक मारायचा. मी पोराला.

त्या रविवारी पोराला बजावलं, तू आज तोंड मिटून बसायचं. नात मोबाईलसमोर आली. मी बाजारातल्या आवाजात विचारलं, "बुर्रा, आस कोमिदो?"

गधडे, जेवलीस का.

तिचा खालचा ओठ थरथरला. मग ती रडत पळाली. आतून सून काहीतरी तोडून बोलली.

"आप्पा, तुम्ही तिला गाढव म्हणालात! इथं हे मठ्ठ माणसाला म्हणतात."

"लाडानं म्हनलो. तुला न्हाई म्हनत हुतो?"

"म्हणत होता. बाजारात, चारचौघांत, मास्तरांपुढं. मला तो कधी लाड वाटला नाही. तुमचं ते 'गधडे'च गाळत होतो मी, आप्पा. दर रविवारी."

मी फोन बंद केला. डोक्यात नुसता जाळ. बेचाळिशीचा घोडा झाला आणि आत्ता सांगतोय! तेव्हा दातखीळ बसली होती? बायको चुलीपासून म्हणाली, "बरं झालं, कुनी तरी बोललं." तिच्यावरही खेकसलो. ताट सरकवून उठलो. मास्तरांपुढं त्याची मान कशी खाली जायची, ते मला सगळं आठवत होतं. त्या मानेचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी धरली. क्लासचं शटर बंद होतं, पायरीवर बसलो. बाई आल्या तसा म्हणालो, "चुकलो, हे कसं म्हनायचं ते शिकवा. दोगांना सांगायचंय, नातीला आन् पोराला."

"मुलाला मराठीत सांगा ना, आजोबा."

"मराठीत माझ्या तोंडातनं ते निघत न्हाई. तुमी शिकवा."

त्यांनी फळ्यावर लिहिलं. पेर्दोनामे. मी ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, जरा हळू म्हणायचं असतं हे." हळू बोलायला मला सगळी सकाळ लागली.