शाणी पोरगी आणि आमच्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एखाद्या गोष्टीची शिफारस केली की त्या गोष्टीपासून गडचिरोलीत कोणाचीही सुटका नसे. वांगी असोत, वैद्य असो की जावई करण्याजोगा मुलगा असो, एकदा त्यांच्या मनास आले की त्या समोरच्याचे मनगट धरत आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत सोडत नसत. धानोऱ्याच्या मोटारीची वाट पाहणाऱ्या एका परक्या माणसाला त्यांनी असेच धरून सोनाराच्या घरचे लोणचे चाखायला नेले. त्याची मोटार गेली. पुढच्या मोटारीने तो लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन गेला आणि बरणी संपल्यावर पुन्हा हजर झाला. त्यांची निवड चुकत नसे, एवढे मी मान्य करते.

त्यांचा खरा जीव सिनेमात. धान घरात आले की बाजाराच्या पटांगणात सिनेमाचा तंबू लागे आणि नव्या चित्राचा पहिला खेळ जाऊबाई कधी चुकवत नसत. दुसऱ्या दिवशी त्या तिकिटाच्या रांगेपाशी उभ्या राहून सर्वांना शेवट सांगत. “खून दिवाणजीनं केला हाय, आता पाहा निवांत.” तंबूवाला हात जोडी. “बाई, शेवट तरी नका सांगत जाऊ.” त्यावर त्या म्हणत, “काऊन? लोकायचा जीव उगाच टांगणीले लागते.” मारामारीत कोण वाचतो हे ठाऊक असले म्हणजे माणूस कपडे-दागिने नीट पाहू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

एका हिवाळ्यात तंबूत एक निराळेच चित्र आले. बड्या कंपनीचे नव्हे. चार नवख्या मंडळींनी आपल्या हिमतीवर काढलेले. ओळखीचा नट नाही, गाणे नाही, देव नाही. एका नावाड्याची आईवेगळी मुलगी लहानाची मोठी होते, एवढीच गोष्ट. जाऊबाई पाहून आल्या आणि चुलीपाशी बसल्या. शेवट काय झाला म्हणून मी आपण होऊन विचारले, तर म्हणाल्या, “जाऊन पाह्य.” मी भात उतरवायला विसरले. त्यांच्या तोंडून असे उत्तर मी आयुष्यात ऐकले नव्हते.

तंबूवाल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकले, “बाई, आज खेळ भरला तर ठीक, नाई तर उद्याच्या मोटारीनं हे चित्र वापस.” जाऊबाईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, “सारं गाव नाई आलं तरी चालन वं. पण आत्याबाईले दाखवा लागते.” आत्याबाई म्हणजे आम्हा दोघींच्या सासूबाई. त्यांनी सिनेमाचे तोंड पाहिले नव्हते आणि पाहणारही नव्हत्या. जाऊबाई नऊ वर्षांच्या असताना या घरात आल्या. त्या न्हात्या झाल्या त्या साली गावात पटकीची साथ होती आणि आत्याबाईंचा सर्वांत धाकटा मुलगा नुकताच गेला होता. न्हाण नाही, ओटी नाही; चौथ्या दिवशी पोरीने डोक्यावर घागर घेतली. या गोष्टीबद्दल दोघींपैकी कोणी कधी अक्षर काढले नव्हते.

जाऊबाई दारोदार निघाल्या. सवयीप्रमाणे मनगटे धरून त्या सांगत होत्या, “चाल वं, त्यात पोरगी शाणी होते.” त्यांना म्हणायचे होते की मुलीला समज येते. आमच्याकडे मात्र पोरगी शाणी झाली म्हटले की बायका एकच अर्थ काढतात, ती न्हाती झाली, आणि त्या अर्थाला रिकाम्या हाताने जायची रीत नाही. माझ्या लक्षात आले तोवर निम्म्या गावात नारळ काढून झाले होते. आत्याबाईही तांदूळ निवडत बसलेल्या.

“सावल्या पाहाले मी काय लेकरू हाव?” त्या आम्हाला म्हणाल्या. “पण पोरीले माय नाई म्हनते. मंग ओटी कोन भरल तिची?”

दिवेलागणीला तंबूची बायकांची बाजू गच्च भरली. प्रत्येकीच्या मांडीवर नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकू. चुली थंड पाहून पुरुषही मागोमाग आले. तंबूवाला दचकला. “बाई, नारळ कायले? पडद्यावर फोडता का?” “तू मशीन चालव,” आत्याबाई म्हणाल्या.

मी सहज भारावणारी बाई नव्हे. पण त्या संध्याकाळी तंबूत पडद्यावरचे बोलणे आणि मागच्या इंजिनाची धडधड यांखेरीज काही ऐकू येत नव्हते, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. शिट्टी नाही, तान्ह्या लेकरांचे रडणेसुद्धा नाही. पडद्यावर आमच्या वैनगंगेसारखीच एक नदी होती, आणि तिच्या काठी ती मुलगी आमच्या डोळ्यांदेखत मोठी होत होती. कसे केले होते कोण जाणे. आपल्याच घरातले कोणी वाढते आहे आणि आपण एवढे दिवस पाहिलेच नाही, असे वाटत होते. शेवटी तिने एकटीने डोंगा पाण्यात ढकलला, आणि माझ्या शेजारी आत्याबाई हलल्या. मला वाटले, आता पडद्याकडे निघाल्या. त्या वळल्या जाऊबाईंकडे.

“पदर कर पुढं.”

“कोनाची ओटी, आत्याबाई?”

“तुझी. त्या साली राह्यली होती.”

जाऊबाईंच्या केसांत तेव्हा चांगलीच पांढरी बट होती. साऱ्या गावाचे मनगट धरणाऱ्या त्या बाईने गुमान पदर पसरला.

दुसऱ्या दिवशी तिकिटाला झुंबड उडाली आणि चित्र आठवडाभर हलले नाही. पुढे ते पुन्हा कधी आमच्या बाजूला आले नाही. आत्याबाई आता नाहीत. जाऊबाई अजून प्रत्येक नव्या तंबूवाल्याला त्या चित्राबद्दल विचारतात, आणि कोणी शेवट विचारला तर तेच उत्तर देतात, “जाऊन पाह्य.” तुमच्या गावी आले तर तुम्हीही जरूर पाहा, जाऊबाईंची शिफारस आहे, आणि माझीही. शेवट मात्र मला विचारू नका. डोंगा पाण्यात गेल्यावर पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा पडद्याकडे पाहत नव्हते.