वजाबाईचं जास्तीचं उणे

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे वजाबाई म्हणायचे. कुणीही आलेख दाखवला की हिचा पहिला प्रश्न, "उणे चिन्ह कुठंय?" इलेक्ट्रॉन पडला ऋण भाराचा, तो डावीकडून उजवीकडे गेला, की वीजप्रवाह उजवीकडून डावीकडे धरायचा. हे विसरणाऱ्याला ती सळो की पळो करून सोडायची. शेजारच्या टेबलावर बसून मीही तिची बोलणी पुष्कळ खाल्ली.

आणि नेमका हिच्याच संगणकात प्रवाह उलटा वाहू लागला. सोन्याच्या दोन टोकांमध्ये अडकवलेला एक रेणू, सगळा संगणकातच आकडेमोडीने उभा केलेला. व्होल्टेज ढकलतंय इकडून तिकडे आणि प्रवाह येतोय तिकडून इकडे. आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर हुरळले. "शोध आहे हा," म्हणाले आणि समितीलाही सांगून बसले. वजाबाईची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे तीच समिती दुपारी ठरवणार होती. तिच्या आईने तर अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं होतं, आमची मुलगी वीज उलटी वाहवते म्हणून.

तिला मात्र सकाळपासून ते पटत नव्हतं.

"रेणूच काढून टाकते," ती मला म्हणाली. "नुसती सोन्याची तार ठेवून बघू."

तारेतही प्रवाह उलटाच आला. साधी तार असला आचरटपणा करत नाही, म्हणजे खोट आकडेमोडीतच होती. तिने आकडे काढणारा आपला छोटा प्रोग्राम उघडला. मुख्य सॉफ्टवेअर चिन्ह आधीच पलटून देत होतं. हिने सवयीने वर आणखी एक उणे लावलं होतं. ते खोडून तिने रेणू परत बसवला, तर तो चारचौघांसारखा वागू लागला. शोध संपला.

"आत्ता गप्प राहा," दुपारी समितीच्या खोलीच्या दारातच सर दबक्या आवाजात म्हणाले. "मुदतवाढ मिळू दे, मग सावकाश दुरुस्त करू."

मला सरांचा इतका राग आला की हातातला कप आपटावासा वाटला. ती सरळ आत गेली आणि तिने जास्तीच्या उण्याचं सांगून टाकलं. ते दार कधी धड लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"चूक पकडली कुणी?" समितीतल्या कुणीतरी विचारलं.

"मीच."

"आणि केली कुणी?"

"तीही मीच."

अर्ध्या तासाने दार उघडलं.

"नाही दिली मुदतवाढ," बाहेर येऊन तिने मला एवढंच सांगितलं आणि फोन लावला. "आई, वीज सरळच वाहतेय गं."

"अगं, मग चांगलंच झालं की," फोनमधून आईचा आवाज आला. "बिघाड निघाला ना?"

"निघाला," वजाबाई म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाठ केली.