चुकीच्या मापाचा स्फटिक

जबलपूरच्या फलाटावर बाबांनी निरोपाचं काही बोलायच्या ऐवजी पुन्हा तोच प्रश्न काढला. "म्हणजे खडा समोर नसतानाच तू त्याची मजबुती सांगणार? काहून वं, तिकडे खडे मिळत नाहीत काय?" महिनाभर ते हेच विचारून राहिले होते. मी वैतागून म्हटलं, "बाबा, अणू कुठे बसलेत ते सॉफ्टवेअरला सांगायचं. इलेक्ट्रॉनांचं गणित ते करतं. त्यावरून स्फटिक किती कडक ते कळतं." "अच्छा," म्हणाले. काडीचंही पटलं नव्हतं. आई डोळे पुसत डबा दुसऱ्यांदा बांधत होती.

जबलपूरच्या आमच्या कांचघर मोहल्ल्यात राहिलेल्यांना वाटतं, मी जर्मनीत पांढरा कोट घालून प्रयोग करते. कसला कोट अन् कसलं काय. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, आपण फक्त वाट बघतो. क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या संगणकावर, आपल्या गणिताचा जॉब टाकायचा, तो दोन दिवस रांगेत उभा राहणार, मग चालू होऊन मधेच पडणार. घरी गॅसच्या रांगेत निदान गप्पा मारायला शेजारीण तरी असायची. इथे रांगही एकटीनेच लावायची.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेज सेक्शनला होते. सुट्या भागांची मापं बरोबर आहेत का, ते तपासणं हे त्यांचं काम. तिथली रीत अशी की सकाळी पहिला भाग हातात घेण्याआधी आपलं मापयंत्रच माहीत असलेल्या मापाच्या तुकड्यावर लावून बघायचं. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही. आम्हाला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

तिथे निवृत्तीच्या दिवशी सोबतचे लोक माणसाला हार घालून, ढोल वाजवत घरी आणून सोडतात. घरचे कारखान्याच्या गेटवर घ्यायला जातात, लेक दारात ओवाळते. बाबांच्या त्या दिवसासाठी माझं तिकीट काढून झालं होतं. पण माझं गणित जुळेना. ऊर्जेचा आकडा एका जागी थांबायला हवा, तो वर-खाली नाचत होता. सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या, डोकं पिकलं. त्याच आठवड्यात प्रोफेसरांना निकाल दाखवायचे होते. मी तिकीट रद्द केलं. "काम आहे तर राहू दे," आई म्हणाली, आणि मला हायसं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

बाबा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी चूक सापडली. स्फटिकाची लांबी मी अँगस्ट्रॉम या अणूंच्या मापाच्या एककात लिहिली होती आणि सॉफ्टवेअर ती बोर या दुसऱ्याच एककात समजत होतं. बोर म्हणजे अँगस्ट्रॉमच्या साधारण निम्मं माप. तीन आठवडे मी प्रत्येक बाजूने निम्म्यावर चेपलेल्या, जगात नसलेल्या स्फटिकाचं गणित करत बसले होते. आधी ज्याचं उत्तर माहीतच आहे ते साधं सिलिकॉन चालवून पाहिलं असतं तर तासाभरात कळलं असतं. एकक दुरुस्त केलं, त्या दिवशी नेमकी रांगही नव्हती, आणि दुपारपर्यंत सगळं जुळलं. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप बंद करून नुसती चालत सुटले.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, मापयंत्राचं भाषण देतील. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"म्हणजे तू येऊ शकली असती?"

"हो, बाबा."

"गेटवर मी सगळ्यांना जरासं थांबवून ठेवलं होतं. म्हटलं, ही पोरगी न सांगता येऊन उभी राहील." मग म्हणाले, "चलो, झालं ते झालं. तुझ्या आईला नको सांगू."

मी खूप दिवस सांगितलं नाही. फोनवर भाजी काय केली, थंडी किती आहे, एवढंच बोलत राहिले, आणि प्रत्येक वेळी घर थोडं लांब गेल्यासारखं वाटलं. जिथे मी खरं बोलू शकत नाही त्याला मी घर म्हणून राहिले होते. म्हणून हे मराठीत लिहिलं, आई, तुला वाचता यावं यासाठी. त्या दिवशीचं ते काम माझ्याच चुकीनं उभं राहिलं होतं. मी येऊ शकले असते.